दहा हजारांचा नगरसेवक आणि त्याचे खरे काम

ऑगस्ट 2022 च्या अखेरीस मीरा-भाईंदर महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. पुढचे मतदान झाले ते थेट 15 जानेवारी 2026 ला. मधल्या काळात, म्हणजे जवळजवळ साडेतीन वर्षे, या शहरात एकही नगरसेवक नव्हता. घंटागाडी येत होती, नळाला जेवढे पाणी येते तेवढे येत होते, रस्त्यांवर काँक्रीट पडत होते, मालमत्ता कराची बिले दारात पोहोचत होती. या अनुभवातून एक मत इथल्या सोसायट्यांच्या सभांत आणि भाईंदर लोकलच्या डब्यांत पक्के झाले आहे. नगरसेवकावाचून शहराचे काही अडत नाही, हे ते मत. तो नसला तर काम होते, असला तर टक्केवारी होते. आणि वर त्याला पगार, भत्ते, निधी पोसावा लागतो. त्यापेक्षा प्रशासक बरा.

हे मत मला चुकीचे वाटते. ते मांडणारे लोक मात्र अडाणी नाहीत. ते नियमाने कर भरतात, गृहनिर्माण संस्था चालवतात, आणि जे पाहिले त्यावरून बोलतात. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यात या शहरातले लोकप्रतिनिधीही सापडले आहेत, हे त्यांना ठाऊक आहे. वाढदिवसाच्या फलकांनी झाकलेले चौक ते रोज ओलांडतात. म्हणून त्यांच्या म्हणण्याला उत्तर द्यायचे तर नगरसेवकांची बाजू घेऊन भागणार नाही. कायद्याने त्यांना काय दिले आहे, काय दिलेले नाही आणि त्यांच्या हातावर महिन्याला किती पैसे पडतात, हे आधी नीट पाहावे लागेल.

पैशांपासूनच सुरुवात करतो, कारण सर्वात जास्त गैरसमज तिथे आहे. आमदार-खासदारांचे आकडे वर्तमानपत्रांत येतात आणि नगरसेवकालाही त्याच पंगतीत बसवले जाते. वस्तुस्थिती अशी की नगरसेवकाला कायद्याने पगार नाही, मानधन आहे, आणि ते किती असावे हे राज्य सरकार महापालिकेच्या वर्गानुसार ठरवते. जुलै 2017 मध्ये सरकारने हे दर वाढवले. मुंबईला महिना 25,000 रुपये, पुणे-नागपूरला 20,000, ठाणे, नाशिक आणि पिंपरी-चिंचवडला 15,000, आणि ‘क’ व ‘ड’ वर्गातल्या महापालिकांना 10,000. मीरा-भाईंदर ‘ड’ वर्गात येते. पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट 2017 मध्ये, इथे जे सभागृह निवडून आले ते पाच वर्षे या दहा हजारांवर चालले. सभेला हजर राहण्याचा भत्ता वेगळा आहे, पण तो इतका किरकोळ की हिशेबात धरावा असा नाही. निवृत्तिवेतन नाही. आमदाराचे मूळ वेतन 2016 च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या प्रधान सचिवाच्या वेतनाशी जोडले गेले. तसे काही इथे नाही.

हे दहा हजार कशाशी ताडून पाहायचे? सातव्या वेतन आयोगात राज्य शासनाच्या सर्वात खालच्या श्रेणीचे मूळ वेतनच 15,000 पासून सुरू होते. म्हणजे ज्या शिपायाच्या हातून नगरसेवकाला सभेची विषयपत्रिका मिळते, तो कायम नोकरीत असेल तर त्याचे उत्पन्न नगरसेवकाच्या मानधनापेक्षा जास्त आहे. शिपायाला ते मिळालेच पाहिजे. प्रश्न दुसऱ्या टोकाचा आहे. 2011 च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या 8,09,378, नगरसेवक 95, प्रभाग 24. एक प्रभाग तीन सदस्यांचा, बाकी सगळे चार सदस्यांचे. म्हणजे एका प्रभागात सरासरी 33-34 हजार माणसे, आणि तीही पंधरा वर्षांपूर्वीच्या मोजणीने. मीरारोड पूर्वेला त्यानंतर किती इमारती उभ्या राहिल्या हे तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. एवढ्या लोकांना रात्री-अपरात्री उपलब्ध असणाऱ्या माणसाला आपण महिना दहा हजार देतो.

आता दुसरा आकडा. पंचाण्णव नगरसेवकांचे वर्षाचे मानधन होते 1 कोटी 14 लाख. महापालिकेचे अंदाजपत्रक दोन हजार कोटींच्या वर गेले आहे. शंभर रुपयांत सहा पैशांहूनही कमी. नगरसेवक पोसणे शहराला परवडत नाही, हा युक्तिवाद या भागाकारापुढे टिकत नाही.

आणि तिसरा आकडा, जो मला सर्वात जास्त अस्वस्थ करतो. ‘ड’ वर्ग महापालिकेच्या निवडणुकीत उमेदवाराने जास्तीत जास्त किती खर्च करावा याची राज्य निवडणूक आयोगाने या वेळी घातलेली मर्यादा 9 लाख रुपये आहे. पाच वर्षांचे पूर्ण मानधन होते 6 लाख. अगदी कायद्याच्या चौकटीत राहून, एक रुपयाही जास्त न खर्चता जो निवडून येईल, त्याची पाच वर्षांची कमाई निवडणुकीचा खर्चही भरून काढत नाही. मग जो माणूस उभा राहतो तो कोण असतो? ज्याला या पैशांची गरज नाही तो, किंवा जो पैसे दुसरीकडून काढणार आहे तो. बांधकाम व्यावसायिक, इस्टेट एजंट, हॉटेलमालक, केबलवाला, ठेकेदाराचा नातलग ही मंडळी सभागृहांत एवढी का दिसतात, याचे उत्तर आपण त्यांच्या स्वभावात शोधतो. मोठा भाग या मानधनात आहे. दहा हजारांच्या चाळणीतून शिक्षक, नोकरदार, भाड्याच्या घरात राहणारी वकील मुलगी, उत्तनचा कोळी, घोडबंदरचा शेतकरी बाहेर पडतात. उरतात ते ज्यांचे पोट सभागृहावर अवलंबून नाही. आणि नंतर आपणच म्हणतो, चांगली माणसे राजकारणात येत नाहीत.

‘पण नगरसेवक निधी असतो ना?’ असतो, आणि त्याबद्दलचा गैरसमज मानधनाबद्दलच्यापेक्षा मोठा आहे. हा निधी कोणाच्या खात्यात जमा होत नाही. अंदाजपत्रकातले ते एक शीर्ष आहे. नगरसेवक पत्र देऊन काम सुचवतो. पुढे कनिष्ठ अभियंता जागा पाहून अंदाजपत्रक करतो, तांत्रिक मंजुरी होते, निविदा निघते, ठेकेदार ठरतो, मोजमाप पुस्तकात नोंद होते आणि बिल लेखा विभाग देतो. या साखळीत नगरसेवकाची सही कुठेही पैसे देणारी सही नाही. टक्केवारी होत असेल तर ती या साखळीतल्या सहीवाल्यांच्या संगनमताशिवाय होऊच शकत नाही. एवढे लक्षात घेतले तर ‘नगरसेवक गेला की टक्केवारी गेली’ या वाक्याचा पाया उरत नाही. या शहरातला कमाल जमीन धारणा प्रमाणपत्रांचा गाजलेला घोटाळा आठवा. 2016 मध्ये गुन्हा नोंद झाला, आणि आरोपींच्या यादीत नगररचना विभागातले अधिकारी होते. सभागृह असले काय नि नसले काय, खोटा कागद तयार करणाऱ्याला फरक पडत नाही.

मग नगरसेवकाच्या हातात आहे तरी काय? आधी काय नाही ते सांगतो, कारण आपल्या बहुतेक तक्रारी त्याच खात्यातल्या आहेत.

पाणी घ्या. मीरा-भाईंदरचे स्वतःचे धरण नाही. शहराला रोज 86 दशलक्ष लिटर पाणी स्टेम या कंपनीकडून आणि 125 दशलक्ष लिटर औद्योगिक विकास महामंडळाकडून मंजूर आहे; सूर्या प्रकल्पातून 218 दशलक्ष लिटर मिळावे अशी योजना आहे आणि ते काम एमएमआरडीएचे आहे. स्टेममध्ये आपली महापालिका ठाणे, भिवंडी आणि ठाणे जिल्हा परिषदेबरोबर भागीदार आहे, बाकी ठिकाणी ती फक्त गिऱ्हाईक आहे. शुक्रवारी ‘शटडाऊन’ झाला म्हणून आपण ज्याच्या दारात हंडा मोर्चा नेतो, त्याच्याकडे चावी नाही. वाहतूक कोंडी आणि गुन्हेगारी 1 ऑक्टोबर 2020 पासून मीरा-भाईंदर वसई-विरार पोलीस आयुक्तालयाकडे आहे. आयुक्तालय राज्याच्या गृहखात्याकडे. रेल्वे पश्चिम रेल्वेची. मेट्रो एमएमआरडीएची. दहिसरच्या टोलनाक्यावर हलक्या वाहनांना माफी मिळाली ती ऑक्टोबर 2024 मधल्या राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयाने. महापालिकेने बांधलेले भाईंदर पश्चिमेचे पंडित भीमसेन जोशी रुग्णालयसुद्धा राज्याच्या आरोग्य खात्याकडे गेले. तिथे तज्ज्ञ डॉक्टर किती असावेत हे महासभा ठरवत नाही.

जे महापालिकेचे आहे तेही नगरसेवक स्वतः करू शकत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 चे कलम 67 स्पष्ट आहे: कार्यकारी अधिकार आयुक्ताचे. अनधिकृत बांधकाम पाडण्याचा आदेश, फेरीवाला हटवण्याची कारवाई, नळजोडणी, इमारतीची परवानगी, कर्मचाऱ्याची बदली, यांपैकी एकही गोष्ट नगरसेवक सहीने करू शकत नाही. उलट बेकायदा बांधकाम वाचवायला त्याने अधिकाऱ्याला पत्र दिले किंवा प्रत्यक्ष अडवले, तर त्याच कायद्याच्या कलम 10 मधल्या तरतुदीने त्याचे पद जाऊ शकते. ठेक्यात हितसंबंध असला तरी पद जाते. आपल्यातले किती जण ‘साहेब, तेवढे तोडू नका म्हणून सांगा’ असे सांगायला त्याच्या कार्यालयात जातात, हे आपल्याला चांगले माहीत आहे. अशा वेळी आपण त्याला जे करायला सांगत असतो ते अपात्रतेचे कारण आहे.

आयुक्त राज्य सरकार नेमते. सभागृहाने एकूण सदस्यसंख्येच्या पाच-अष्टमांश मतांनी ठराव केला तर आयुक्ताला परत बोलवावे, असे कायदा म्हणतो. ऑक्टोबर 2016 मध्ये नवी मुंबईच्या सभागृहाने आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध असा ठराव 104 विरुद्ध 6 मतांनी केला. मुंढे यांची बाजू बरोबर होती की नगरसेवकांची, हा वाद इथे नको. मला मुंढे यांचा कारभार पुष्कळसा पटत होता. पण एवढ्या बहुमतानंतरही सरकारने त्यांना लगेच हलवले नाही. बदली झाली ती मार्च 2017 मध्ये, सरकारने ठरवली तेव्हा. आपल्याकडे उलटे घडले. 2020 आणि 2021 या दोन वर्षांत चंद्रकांत डांगे, विजय राठोड आणि दिलीप ढोले हे तीन अधिकारी एकामागून एक आयुक्तपदावर बसले, आणि त्यांत सभागृहाला कोणी विचारले नाही. शिवाय कलम 451 आहेच. सभागृहाचा कोणताही ठराव राज्य सरकार निलंबित करू शकते, विखंडित करू शकते. आठ लाख लोकांनी निवडून दिलेले सभागृह मंत्रालयातल्या एका आदेशाने गप्प होऊ शकते.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग तुम्ही आमचेच म्हणणे सिद्ध केले. ज्याला काही अधिकारच नाहीत तो कशाला हवा? नाही. हातात नसलेल्या गोष्टी वजा केल्यावर जे उरते, ते या शहरात दुसऱ्या कोणाकडेही नाही.

आयुक्त अंदाजपत्रक मांडतो, पण ते स्थायी समितीतून आणि महासभेतून जावे लागते. त्यात शीर्ष वाढवता येते, कमी करता येते, नाकारता येते. पुढच्या वर्षी मालमत्ता कराचा दर काय असावा हे दरवर्षी 20 फेब्रुवारीच्या आत ठरवायचे, आणि ठरवते सभागृह. ठरावीक रकमेपुढचा कोणताही ठेका सोळा सदस्यांच्या स्थायी समितीच्या मंजुरीवाचून देता येत नाही. ही समिती आठवड्याला बसायची, महासभा महिन्यातून एकदा तरी व्हायची, असे कायदा सांगतो. विकास आराखडा, म्हणजे कोणाच्या जमिनीवर शाळा आणि कोणाच्या जमिनीवर रस्ता, सभागृहासमोर यावा लागतो. शहरातल्या कारभाराबद्दल आयुक्ताला प्रश्न विचारण्याचा अधिकार नगरसेवकाला आहे. आणि एक गोष्ट सामान्य नागरिकाला क्वचितच माहीत असते: महापालिकेचा मुख्य लेखापरीक्षक आपला अहवाल देतो तो स्थायी समितीला. ज्या हातांनी खर्च केला त्या हातांऐवजी ज्यांनी खर्चाला संमती दिली त्यांच्यापुढे हिशेब यावा, म्हणून ही रचना.

ही रचना कोठून आली हे पाहिले की प्रशासकाच्या बाजूच्या युक्तिवादातली चूक दिसते. 1865 मध्ये मुंबई शहराला आर्थर क्रॉफर्ड हा म्युनिसिपल कमिशनर मिळाला. कर्तबगार माणूस. त्याच्या नावाची मंडई आजही उभी आहे. त्याने रस्ते रुंद केले, शहर स्वच्छ केले. जस्टिस ऑफ द पीस मंडळींचे त्याच्यावर नियंत्रण होते, पण नावापुरते. ‘कामे तर होत आहेत’ हे त्या वेळीही खरे होते. 1871 पर्यंत खर्च इतका हाताबाहेर गेला की करदात्यांनी रान उठवले. नवरोजी फर्दुनजी आणि विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारखी माणसे पुढे झाली आणि क्रॉफर्डला जावे लागले. त्याच सुमारास तरुण बॅरिस्टर फिरोजशहा मेहता यांनी लोकांच्या रोषाविरुद्ध जाऊन म्हणणे मांडले: कार्यकारी अधिकार एका कमिशनरकडेच राहू द्या, पण त्याच्यावर करदात्यांनी निवडलेली सभा बसवा. सभेत त्यांची हुर्यो उडवली गेली. पण 1872 च्या कायद्यात 64 सदस्यांचे कॉर्पोरेशन आले, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडायचे. काम कमिशनरने करायचे आणि पैशावर ताबा कॉर्पोरेशनचा. 1888 चा मुंबईचा कायदा त्याच पायावर उभा राहिला, 1949 चा कायदा त्याच साच्यातला, आणि 28 फेब्रुवारी 2002 ला नगरपालिकेची महापालिका झाल्यावर मीरा-भाईंदरला मिळाला तो हाच साचा. नगरसेवकाचे काम शहर चालवणे हे कधीच नव्हते. चालवणाऱ्याच्या हाताशी धरलेली थैली पाहणे, हे त्याचे काम आहे.

आता प्रशासकाची साडेतीन वर्षे या उजेडात पाहा. अंदाजपत्रक मांडले कोणी? आयुक्ताने. मंजूर केले कोणी? प्रशासकाने, म्हणजे त्याच माणसाने. ठेक्याचा प्रस्ताव आयुक्ताचा, स्थायी समितीची मंजुरी प्रशासकाची. लेखापरीक्षकाचा अहवाल ज्या समितीकडे जायचा, तिच्या खुर्चीत ज्याच्या खर्चाचे लेखापरीक्षण झाले तोच बसलेला. अधिकारी प्रामाणिक असेल, अतिशय प्रामाणिक असेल. तरी विचारणारा आणि उत्तर देणारा एकच असेल तर प्रश्न संपतो. या काळात पारदर्शकता वाढली असे ज्यांना वाटते, त्यांना मी एवढेच विचारीन की साडेतीन वर्षांत कोणत्या ठेक्यावर उघड चर्चा झालेली आपण ऐकली? चर्चा ऐकू आली नाही याचे कारण गैरव्यवहार नव्हता असे असेलही, पण चर्चा करायला कोणी नव्हते हे तर निश्चित आहे.

एक उदाहरण पुरे. मेट्रो 9 च्या कारशेडसाठी उत्तनजवळच्या डोंगरी इथली बारा हजारांहून अधिक झाडे तोडण्याचा प्रस्ताव 2025 मध्ये गाजला. झाडांच्या 1975 च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाचे अध्यक्ष आयुक्त असतात आणि सदस्य नगरसेवकांतून येतात. त्या वेळी नगरसेवकच नव्हते, म्हणून प्राधिकरणावर निवडून आलेला एकही सदस्य नव्हता. डोंगरी-उत्तनच्या लोकांनी हरकती लिहिल्या, मोर्चे काढले. त्यांच्या वतीने त्या टेबलावर बसून ‘माझा विरोध नोंदवा’ असे म्हणणारा माणूस कायद्याने असायला हवा होता आणि नव्हता. शहराच्या नव्या विकास आराखड्याचे प्रारूपही प्रशासकाच्याच काळात प्रसिद्ध झाले. पुढची वीस वर्षे जमिनीचे काय व्हायचे हे ठरवणारा कागद, आणि त्यावर सभागृहात एक शब्दाची चर्चा नाही. घंटागाडी वेळेवर आली हे खरे. पण घंटागाडी कधीच नगरसेवक आणत नव्हता.

राज्यघटनेचे अनुच्छेद 243 यू सांगते की सभागृह पाच वर्षांचे, आणि नवी निवडणूक मुदत संपण्याआधी पूर्ण करायची. इतर मागासवर्गीय आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेतले बदल आणि न्यायालयातल्या तारखा यांत ही मुदत बुडाली. शेवटी 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला तेव्हा चाक हलले. ही तरतूद आणणाऱ्या 74 व्या घटनादुरुस्तीला तीस वर्षे होऊन गेल्यावर महाराष्ट्रातली महापालिका शहरे एका पाठोपाठ एक प्रतिनिधीविना राहिली आणि आपल्याला त्याचा राग आला नाही. ‘नगरसेवकावाचून अडत नाही’ हे मत त्या शांततेचे कारणही आहे आणि फळही.

या मताच्या बाजूने एक भक्कम मुद्दा मात्र आहे आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हे सगळे अधिकार कायद्यात असतील, पण नगरसेवक ते वापरतात कुठे? विषय पुकारला जातो, ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज होतो, पुढचा विषय. गोषवारा सभेच्या आदल्या दिवशी हाती पडतो आणि वाचला जात नाही. ऐनवेळचे विषय शेवटी घुसवले जातात. 1986 च्या पक्षांतरबंदी कायद्याने पक्षादेश मोडला तर पद जाते, म्हणून स्वतःचे डोके असणाराही गप्प बसतो. या वेळी 95 पैकी 78 जागा भाजपला मिळाल्या आहेत, काँग्रेसला 13. इतक्या एकतर्फी सभागृहात प्रश्न विचारणे आणखी अवघड होईल, ही भीती खरी आहे. आणि पक्ष कोणताही असता तरी तीच असती.

हे आरोप मी मान्य करतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य करत नाही. पहारेकरी झोपतो म्हणून पहारा बंद करावा, असे आपण आपल्या सोसायटीतही म्हणत नाही. तो का झोपतो याचे एक कारण आपण स्वतः आहोत. आपण त्याची परीक्षा कशावर घेतो? चेंबरचे झाकण बसवले का, गल्लीत पेव्हर ब्लॉक आले का, दहीहंडीला वर्गणी दिली का, लग्नाला आला का, रुग्णालयाचे बिल कमी करून दिले का, आधारचा पत्ता बदलायला प्रमाणपत्र दिले का. ही यादी पूर्ण करणारा नगरसेवक पुन्हा निवडून येतो. स्थायी समितीत शंभर कोटींचा विषय रोखून धरणाऱ्याचे नावही आपल्याला माहीत नसते. ज्या कामाची मतपेटीत किंमत नाही ते काम माणूस किती दिवस करील? आणि वर्गणी, मदत, गाड्या, कार्यकर्त्यांचा चहा हे सारे दहा हजारांत बसत नाही, हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही कळते. आपण त्याला खिशातून दातृत्व करायला लावतो आणि तो खिसा कसा भरला हे विचारत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की मानधन वाढले पाहिजे, आणि चांगले वाढले पाहिजे. ‘ड’ वर्गात महिना 40,000 केले तरी पंचाण्णव जणांचे वर्षाला होतील 4 कोटी 56 लाख. दोन हजार कोटींत हा पाव टक्काही नाही. मानधन वाढल्याने लाचखोरी थांबेल, असा माझा दावा नाही. भरपूर वेतन घेणारेही लाच घेतात. दावा एवढाच आहे की ज्याला घर चालवायचे आहे अशा प्रामाणिक माणसाला उभे राहणे शक्य होईल. आणि या शहरातल्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, 95 पैकी 48. स्वतःचे उत्पन्न नसलेली बाई नगरसेविका झाली तर तिच्या गाडीचे पेट्रोल, कार्यालयाचे भाडे, कार्यकर्त्याचा खर्च नवरा किंवा पक्षातला कोणी ‘दादा’ करतो, आणि मग सभागृहात तिच्या मागे त्याचाच शब्द असतो. स्वतःच्या नावाने येणारे पुरेसे मानधन हे तिच्या मताचे पहिले संरक्षण आहे. आरक्षणाचा कायदा करताना हा विचार झाला नाही, ही आपल्या राज्याची मोठी चूक आहे.

वाढीव मानधनाला अटी हव्यात. हजेरीशी जोडलेले असावे. विचारलेले प्रश्न, मांडलेले प्रस्ताव, नोंदवलेले विरोध आणि मालमत्तेचे वार्षिक विवरण महापालिकेने प्रभागनिहाय प्रसिद्ध करावे. पैशाच्या प्रत्येक मोठ्या विषयावर नावानिशी मतदान व्हावे, आवाजी नको. आणि 2009 मध्ये या राज्याने केलेला क्षेत्रसभेचा कायदा कपाटातून बाहेर काढावा. मतदारांनी एकत्र बसून आपल्या भागातल्या कामांचा क्रम ठरवायचा, अध्यक्ष नगरसेवक, अशी ती तरतूद आहे. गावात ग्रामसभा होते. उत्तन, राई, मुर्धा ही गावे नगरपालिकेत आली तेव्हा त्यांची ग्रामसभा गेली आणि तिच्या जागी काहीच आले नाही. क्षेत्रसभा ही ती जागा भरायला होती.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर मीरा-भाईंदरच्या मतदाराने एक सवय बदलावी, अशी माझी विनंती आहे. तुमच्या प्रभागाचे तीन-चार नगरसेवक आहेत. त्यांची नावे माहीत करून घ्या. मागच्या महासभेचे इतिवृत्त माहिती अधिकारात मागा. स्थायी समितीत कोणता ठेका कोणाच्या सूचनेने आणि कोणाच्या अनुमोदनाने मंजूर झाला ते वाचा, आणि त्या कागदाची प्रत हातात घेऊन त्यांच्या कार्यालयात जा. गटाराच्या झाकणासाठी प्रभाग कार्यालयात अर्ज करा; ते प्रशासनाचे काम आहे आणि त्याचा पगार अधिकारी घेतात. नगरसेवकाला विचारा की यंदा 20 फेब्रुवारीच्या आधी कराच्या दरावर तू काय बोललास, अंदाजपत्रकात कोणत्या शीर्षाला विरोध केलास, लेखापरीक्षकाचा शेवटचा अहवाल कधी वाचलास. तुमच्यातल्या दहा जणांनी हे विचारले तर पुढच्या सभेला तो गोषवारा वाचून जाईल.